सरकारच्या वतीने दिलेला शब्द

सरकारी वकिलांना शिव्या घालणं हा माझा धंदा आहे. सरकारला रस्ता हवा असतो, बंदर हवं असतं, विजेचे खांब रोवायचे असतात. त्यासाठी कुणाची तरी जमीन जाते, तो माणूस माझ्याकडे येतो, आणि मी कोर्टात उभा राहून सरकारच्या वकिलाची पिसं काढतो. माझी फीसुद्धा सरकारनेच भरायची असा आमचा कायदा आहे, त्यामुळे पिसं काढताना मला जरा जास्तच मजा येते. असा मी, आर्नफिन त्वाइत, आज एका सरकारी वकीलबाईची बाजू घेऊन लिहायला बसलोय. आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीच्या, दोन्ही काठांवरचे लोक हसतील. हसू देत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती कुणाच्या हसण्याने विझणार नाही.

तिचं नाव तूरुन नेसहाइम. राजधानीतल्या सरकारी वकिलांच्या कचेरीत जमिनीचे दावे बघणाऱ्यांत ती सगळ्यांत जुनी. मूळची उत्तरेकडच्या एका बेटावरची. बाप फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा, आई माशांच्या कारखान्यात. बेटावर पूल आला तशी बापाची बोट बंद झाली, आणि त्याच पुलासाठी घरामागची जमीनही गेली. एवढं झाल्यावर कुणीही सरकारच्या विरुद्ध वकिली केली असती. हिने सरकारचीच नोकरी धरली.

मी तिला एकदा छेडलं होतं. "अगं, ज्यांनी तुमची जमीन घेतली त्यांच्याच दारात जाऊन बसलीस?"

"जमीन घेतली त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पूल हवाच होता. पण आम्हाला समजावायला जो सरकारी वकील आला होता ना, तो गाडीतून खालीच उतरला नाही. काच खाली करून बोलला आणि गेला. मला वाटलं, हे काम नीट करता येण्यासारखं आहे."

आणि तिने ते नीट केलं, याचाच मला सगळ्यांत जास्त त्रास झाला. समोरचा वकील गाडीतून न उतरणारा असला की माझं काम सोपं असतं. ही बाई खटला उभा राहायच्याही आधी, बर्फ वितळलं रे वितळलं की एकटी यायची. भाड्याची छोटी गाडी, मागे हिरवे रबरी बूट, त्यातल्या एकाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. जमिनीच्या मालकाला म्हणायची, "मला सगळं दाखव. तुझ्या वकिलाने लपवायला सांगितलं असेल तेही दाखव." लोक दाखवायचे! मी डोकं आपटून सांगायचो की बाबांनो, ती आपल्या विरुद्ध आहे. ते म्हणायचे, हो, पण ती विचारते तरी.

एकदा माझ्या एका अशिलाने कोर्टाकडे भरपाई जास्त मागता यावी म्हणून ओसाड उतारावर रातोरात सफरचंदाची बाग उभी केली. मला पत्ता नव्हता. कोर्ट जमीन बघायला आलं तेव्हा मी घसा फोडून त्या बागेचं वर्णन करत होतो, आणि तूरुनने दोन बोटांनी एक रोप धरून वर उचललं. मूळच नव्हतं. नुसती फांदी खोचलेली. तिने ती माझ्या हातात दिली. "घे आर्नफिन, घरी लाव. तुझ्या बोलण्याने पालवी फुटेल."

न्यायाधीशाबरोबर आलेले चारही पंच पोट धरून हसले. मी त्या अशिलावर एवढा चिडलो की त्याच्या गाडीतून परत न येता बसने आलो. तेव्हापासून ती मला 'नाटक्या' म्हणते आणि मी तिला 'सरकार' म्हणतो. "काय सरकार, आज कुणाचं घर पाडायला आलात?" "तुझं असतं तर सुट्टी काढून आले असते." असं आमचं चालायचं. दुपारी दोघंही एकाच दगडावर बसून कागदात गुंडाळून आणलेले पाव खायचो. तिच्या पावात कायम तपकिरी चीज. नंतर पुन्हा उठून एकमेकांच्या उरावर बसायचो.

आता आमची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जमिनीच्या दाव्यात कोर्ट खोलीत बसून राहत नाही, जमिनीवर येतं. न्यायाधीश, आणि आसपासच्या गावांतून निवडलेले चार पंच, सगळे रबरी बूट घालून, पावसात. एका पंचाकडे कुदळ-फावडं असतं. तो खड्डा खणतो आणि सगळे वाकून माती बघतात. मग सरकारी वकील तिथेच उभा राहून, जमिनीच्या बदल्यात सरकार काय काय करून देईल ते मोठ्याने सांगतो. कुंपण, वाट, पाण्याचा नळ. न्यायाधीश ते नोंदवून घेतो. एकदा नोंदलं की ते सरकारवर बांधील. वरून मंत्री आला तरी ते बदलत नाही.

तूरुनने अशा किती गोष्टी किती शेतांत उभं राहून कबूल केल्या असतील देव जाणे. त्यातली एकही खोटी ठरली नाही. मी तिच्याशी हरलोय, तिच्यावर ओरडलोय, एकदा तिच्या अंगावर फाइल फेकायच्या बेतात होतो. पण तिने "होईल" म्हटलं की मी अशिलाला सांगायचो, घरी जाऊन झोप, झालं म्हणून समज.

मग हालदिसचं प्रकरण आलं.

हालदिस आमच्या फ्योर्डच्या आतल्या टोकाला एकटी राहते. सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मेंढ्या पाळते. तिचं घर आणि गोठा अगदी पाण्याजवळ. गोठ्याच्या वर एक शेत, आणि शेताच्या वर डोंगर. उन्हाळ्यात मेंढ्या शेताच्या कडेने डोंगरावर जातात, शरदात खाली येतात, आणि हिवाळाभर त्याच शेतातलं वाळलेलं गवत खातात. तिच्या बापाने ती पाणथळ जमीन खणून आत दगडी चर बांधले, वर माती लोटली, आणि शेत केलं. बाप गेल्यावर बुजलेले चर तिने स्वतः उकरून साफ केले. बोलायला खडूस. मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "वकील, तू फार बोलतोस. तुझ्या बोलण्याचे पैसे सरकार देतं म्हणून का?"

नवा रस्ता नेमका त्या शेतातून जाणार होता. रस्ता अडवता येणार नव्हता, ते हालदिसलाही ठाऊक होतं. तिला एकच हवं होतं: गोठ्यासमोर रस्त्याखालून एक बोगदा, म्हणजे मेंढ्या डोंगरावर जाऊ शकतील. नाहीतर प्रत्येक वेळी मालट्रकांच्या वाटेतून कळप हाकायचा. ते जमणारं नव्हतं. बोगदा नसेल तर मेंढ्या विकायच्या आणि घराला कुलूप.

पण रस्त्याच्या प्रकल्पाला बोगदा नको होता. खर्च वाढतो म्हणे. त्यांच्या सल्लागाराने विमानातून काढलेल्या फोटोंवरून लिहून दिलं की ही दलदलीची ओसाड जमीन आहे, इथे शेती अशी नाहीच, बाई हौस म्हणून चार मेंढ्या पाळते. हौशी माणसाला कोण बोगदा देणार? म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. ते शेत होतं की दलदल. आणि ते ठरवायला कोर्ट येणार, खड्डा खणणार, दगडी चर डोळ्यांनी बघणार. मी निश्चिंत होतो.

तूरुन नेहमीसारखी वसंतात एकटी आली. हालदिसने तिच्या हातात फावडं दिलं. "सरकारला माती बघायचीय ना? खण." साठीला टेकलेल्या सरकारी वकीलबाईने कोट काढून खणलं. मी कुंपणावर बसून बघत होतो. काळी भुसभुशीत माती, आणि खाली हातभर खोल दगडी चर, त्यातून स्वच्छ पाणी झुळझुळ वाहतंय. तूरुन गुडघ्यांवर बसली आणि तिने त्या पाण्यात हात घातला.

"दलदल दिसतेय का गं तुला?" हालदिसने विचारलं.

"मी काय पाहिलं ते मी सांगू शकत नाही. मी साक्षीदार नाही, वकील आहे," तूरुन म्हणाली. "पण कोर्टाला हे बघू दे. कोर्ट इथे चालून जाईपर्यंत तुझ्या शेतात एकही यंत्र येणार नाही."

"हे कोण म्हणतंय? तू की सरकार?"

"सरकारच्या वतीने मी."

हालदिसने हात पुढे केला. आमच्याकडे एवढं पुरतं.

आता यात गोम अशी की निकालाआधीच जमिनीचा ताबा घ्यायची परवानगी प्रकल्पाकडे होती. ती हिवाळ्यात तूरुननेच काढून दिली होती. प्रत्येक दाव्यात ती काढतातच, नेमाने, आणि कपाटात ठेवतात. कोर्ट जमीन बघून जाईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. असा कुठे नियम नाही. पण माझ्या साऱ्या वकिलीत मी हे मोडलेलं पाहिलं नव्हतं. तूरुननेही नव्हतं. तिने प्रकल्पाच्या प्रमुखाला फोन करून सांगितलं की शेताला हात लावू नका, आणि ती दुसऱ्या कामाला लागली. तिचं चुकलं ते इथे. जी गोष्ट सगळे पाळतात ती कागदावर कशाला हवी, असं तिला वाटलं.

प्रमुख होता प्रेबेन. राजधानीचा, कडक इस्त्रीचा, ओठांवर कायम एक मंद हसू. त्याचा ठेकेदार वर डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याच्या मोठ्या बोगद्याचं काम आधीच उरकून रिकामा बसला होता. रिकामी यंत्रं म्हणजे तोटा. प्रेबेनने कपाट उघडलं, परवानगी काढली, आणि कोर्ट यायच्या आधल्या आठवड्यात हालदिसच्या शेतात खोदणारी यंत्रं घातली.

हालदिसने मला फोन केला. ती रडली नाही, ओरडली नाही. "वकील, तुझ्या त्या बाईला सांग, यंत्रं आली," एवढंच म्हणून ठेवून दिला.

मी तूरुनला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तुझा शब्द म्हणजे कुत्र्याची शेपूट, तू त्या काच खाली करणाऱ्यांतलीच निघालीस, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आर्नफिन, हे तू खरं सांगतोयस?" तिचा आवाज ऐकून मला कळलं. तिला माहीतच नव्हतं.

ती त्याच दिवशी घाट चढून आली. गाडी रस्त्यातच सोडून, शहरातल्या बुटांनी चिखल तुडवत थेट यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. चालकाला म्हणाली, "उतर खाली." तो भला माणूस उतरला. पण उपयोग काय? माती ओढून नेली होती. चरांचे दगड उपसून खालच्या भरावात टाकले होते, त्यावर खडी पसरली होती. हालदिस गोठ्याच्या दारात उभी होती. तूरुन तिच्याकडे निघाली, तर हालदिसने आत जाऊन दार लावून घेतलं.

तिथूनच तूरुनने प्रेबेनला फोन लावला. मी शेजारीच होतो, त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"तू शेतात कुणाला काय बोललीस ते मला लागू होत नाही, तूरुन. माझ्याकडे परवानगी आहे."

"ती मी काढून दिली."

"हो ना. मग तूच वाच ती."

तिने फोन खिशात ठेवला. मी इतकी वर्षं तिला चिडवत आलो, पण तिला चिडलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती त्या यंत्राच्या लोखंडी जबड्यावर हाताची मूठ आपटत राहिली. मी तिचा हात धरला तेव्हा तो सोलवटला होता.

पुढच्या आठवड्यात कोर्ट आलं. पाऊस लागला होता. न्यायाधीश गीस्ले, निवृत्तीला आलेला, हातात नोंदीचं छोटं यंत्र घेऊन त्यात बोलत चालायचा. मागून चार पंच. त्यातला एक म्हातारा सुतार खांद्यावर फावडं घेऊन आला होता. तो खडीच्या मैदानात मधोमध थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे खणू?"

त्याने फावडं खडीवर टेकवलं, त्याचा खर्र आवाज झाला, आणि माझं डोकं सणकलं. मी बोलायला सुरुवात केली. सरकारने पुरावा गिळला, चोर तर चोर वर शिरजोर, या देशात म्हातारीच्या शेताला दरोडेखोरांपासून नाही तर सरकारपासून राखण हवी. हालदिसकडचे फोटो दाखवले. सल्लागार नव्याकोऱ्या जाकिटात उभा होता, तो शांतपणे म्हणाला, "फोटोत गवत दिसतं. दलदलीतही गवत उगवतं. खाली निचरा होता की नाही ते फोटोत दिसत नाही." प्रेबेनने मान डोलावली. त्या दोघांना एकेक थोबाडीत द्यावी असं मला फार वाटलं. हालदिस बाजूला उभी होती, पावसात, डोकं उघडं.

गीस्ले म्हणाला, "आम्ही दिसतं त्यावरून ठरवतो. इथे दिसायला काही ठेवलेलं नाही." मग तूरुनकडे वळला. "सरकारचं म्हणणं?"

तूरुन पुढे आली. हातातले टाइप केलेले कागद तिने घडी करून खिशात घातले.

"सरकार मान्य करतं," ती म्हणाली, "की ही लागवडीची जमीन होती. दगडी चर घालून निचरा केलेली. सरकार हेही मान्य करतं की इथे मेंढ्यांची चालती शेती आहे, हौस नाही. आणि सरकार कबूल करतं की गोठ्यासमोर रस्त्याखालून बोगदा बांधून देईल. मेंढ्या आणि गवताची गाडी, दोन्ही जातील असा."

"काय?" प्रेबेनचं हसू पहिल्यांदा गळून पडलं. "हे आपलं ठरलेलं नाही! तिला हे बोलायचा अधिकार नाही!"

गीस्लेने शांतपणे विचारलं, "इथे सरकारची वकील कोण आहे?"

"मी," तूरुन म्हणाली.

"कुणी बदललीय का तिला?"

"मी आत्ता फोन लावतो," प्रेबेन म्हणाला आणि फोन डोक्यावर धरून खडीत गोल गोल फिरू लागला. पाऊस लागला की त्या डोंगराच्या कुशीत रेंज जाते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सुताराने तोंडावर हात धरून खोकला काढला.

"लावा लावा," गीस्ले म्हणाला, "तोवर मी नोंदवून घेतो. तूरुन, पुन्हा विचार कर. एकदा नोंदलं की सरकारला ते मागे घेता येत नाही."

"म्हणूनच नोंदवा म्हणतेय."

तो यंत्रात बोलला. शब्द न् शब्द. तूरुन खाली बघत उभी होती. मी, ज्याला गप्प बसता येत नाही असं सगळे म्हणतात, तो गप्प होतो. हे चुकीचं होतं, मला कायदा कळतो. अशिलाला न विचारता वकिलाने असं काही कबूल करायचं नसतं. माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. पण त्या घटकेला मला ती बाई आमच्या सगळ्या कायद्यापेक्षा शहाणी वाटली, आणि अजूनही वाटते.

पुढे काय झालं ते लिहिताना माझा राग पुन्हा उसळतो. तिला काढलं नाही. काढायला हिंमत लागते, आणि काढलं तर कारण जगाला सांगावं लागतं. तिला बोलावून केक-कॉफी दिली, तिच्या दीर्घ सेवेचं कौतुक केलं, आणि तिची बदली केली. आता ती सरकारने भाड्याने घेतलेल्या तळघरांचे आणि गाड्या उभ्या करायच्या जागांचे करार तपासते. जमिनीवर जायचं नाही. हिरव्या बुटांचं काम संपलं. वर एक नवा नियम आला: यापुढे कुठल्याही सरकारी वकिलाने शेतात उभं राहून तोंडी काही कबूल करायचं नाही, सगळं आधी वरून मंजूर होऊन कागदावर येईल. प्रेबेनला काय शिक्षा झाली? त्याला यापेक्षा मोठा रस्ता मिळाला.

तिच्या जागी जो आला तो सभ्य आहे, अभ्यासू आहे, गाडीतून खालीही उतरतो. परवा एका शेतकऱ्याने त्याला विचारलं, "कोर्ट येईपर्यंत यंत्रं थांबतील ना?" तो म्हणाला, "त्यावर बोलायचा मला अधिकार नाही." तो खोटं बोलला नाही. शेतकरी माझ्याकडे बघत राहिला, आणि मला त्याला 'घरी जाऊन झोप' असं म्हणता आलं नाही.

मी तूरुनच्या कचेरीत फोन करून तिच्या साहेबाला जे बोललो ते इथे छापता येणार नाही. मग तिला फोन केला. "भांड ना त्यांच्याशी! मी फुकट लढतो तुझ्यासाठी."

"काय म्हणून भांडू? कायद्याने त्यांचं बरोबर आहे."

"मग माझ्या ऑफिसात ये. दोघं मिळून सरकारची सालटी काढू."

"नको रे नाटक्या. मी सरकारची वकील आहे."

"कसलं डोंबलाचं सरकार! ज्याने तुला तळघरात नेऊन बसवलं ते?"

"तेच," ती म्हणाली. "दुसरं आहे का आपल्याकडे?"

मी चिडून फोन ठेवला.

बोगदा मात्र झाला. व्हावाच लागला, नोंद होती ना. शरदात हालदिसच्या मेंढ्या डोंगरावरून पहिल्यांदाच त्यातून खाली यायच्या होत्या. मी तूरुनला कळवलं आणि ती आली, सुट्टी काढून, स्वतःच्या पैशाने. मला वाटलं, आता तरी हालदिस तिला गळ्याशी धरेल. निदान घरात तरी बोलवेल.

हालदिस बोगद्याच्या तोंडाशी काठी घेऊन उभी होती. वरून गाड्या धाड धाड जात होत्या. तिने तूरुनकडे पाहून मान हलवली, तेवढंच. मेंढ्या आल्या. पहिली जरा बिचकली, मग आत शिरली, आणि तिच्यामागून सगळ्या, घंटा वाजवत, एकमेकींना ढुशा देत. शेवटची बाहेर पडल्यावर हालदिस म्हणाली, "बोगदा चांगला झालाय."

"हो," तूरुन म्हणाली.

"पण शेत गेलं. तू म्हणाली होतीस, यंत्र येणार नाही. आलं."

माझा तोल सुटला. "हालदिस, तुला काही माणुसकी? या बाईने तुझ्यासाठी सगळं पणाला लावलं. तिची आयुष्यभराची—"

"आर्नफिन, गप्प बस," तूरुन म्हणाली. "तिला बोलू दे."

हालदिसने काठी दुसऱ्या हातात घेतली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "तू खोटारडी नाहीस. ते मला त्याच दिवशी कळलं, हात सोलवटून घेतलास तेव्हा, दाराच्या फटीतून पाहिलं मी. पण तू जो शब्द दिलास ना, तो तुझा नव्हताच द्यायला. नसलेली वस्तू दिलीस मला. आणि मी ती घेतली, आणि बापाचे चर खणून नेईपर्यंत भरवशावर बसून राहिले."

तूरुनने मान डोलावली. मग म्हणाली, "मला बदलीच्या वेळी साहेबांनीही हेच सांगितलं. शब्द तुझा नव्हता."

त्या दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, दोघी सारख्याच शांत. माझ्या अंगाची लाहीलाही होत होती.

"अरे, मग होता कुणाचा?" मी ओरडलो. "प्रेबेनचा होता? त्या साहेबाचा होता? कुणाचा होता सांगा ना!"

बोगद्यात माझाच आवाज घुमला, आणि गोठ्याकडे निघालेल्या मेंढ्या दचकून थांबल्या. हालदिसने काठी आपटून त्यांना पुढे हाकललं. तूरुन तिच्या बाजूने चालू लागली, आणि मागे राहिलेल्या एका लंगड्या मेंढीला हाताने ढकलत गोठ्यापर्यंत घेऊन गेली.